दोन सेंटिमीटर आणि एक आणा

१९८९ साली भूकरमापक म्हणून रुजू झालो तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या हाती यंत्र वगैरे काही आलं नाही, दहा लोखंडी सळ्या आल्या. वीत-दीड वीत लांबीच्या, एका टोकाला कडी वळवलेल्या. साखळीचं पुढचं टोक अप्पांकडे, मागचं माझ्याकडे. अप्पा आमच्यातले सर्वांत जुने, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. साखळी ताणून पुरी झाली की अप्पा पुढे एक सळई रोवायचे, मी तिथवर पोचलो की ती उपटून घ्यायची. रेघ संपली की माझ्या हातात जितक्या सळ्या, तितक्या पुऱ्या साखळ्या. उरलेला तुकडा साखळीवरच्या खुणांवरून आण्यांत वाचायचा. काम इतकं सोपं वाटलं की तासाभरातच एक सळई हरभऱ्यात राहून गेली. अप्पांनी सगळी रेघ पुन्हा मोजायला लावली आणि भाकरी खाताना शांतपणे म्हणाले, "आणा चुकला तर भांडण होतं, बाळ. सळई चुकली तर डोकी फुटतात."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, हा आणा पैशाचा नव्हे. आमची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असं रान म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचा हा विचित्र आकडा कुठून आला असं लोक विचारतात, तो साखळीतून आला. तर साखळीचा एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. आजच्या मापात त्रेसष्ट सेंटिमीटरला किंचित कमी. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

नोकरीच्या चौतीस वर्षांत साखळी गेली, फलकयंत्र गेलं, ईटीएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आलं, आणि शेवटच्या दहा-बारा वर्षांत काठीवर बसवलेली ती पांढरी टोपी आली, जिला आम्ही रोव्हर म्हणतो. गावात ती उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सायेब, वरनं आमचं रान दिसतंय का?" दिसत नाही. उपग्रह काही बघत नाही, तो फक्त बोलत असतो. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून तो सतत सांगत असतो, मी अमुक, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. खालचं यंत्र ते ऐकतं, निरोप पोचायला किती वेळ लागला ते काढतं आणि त्यावरून अंतर. घड्याळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागानं चुकलं तरी अंतरात तीस सेंटिमीटरची चूक. मोबाइलमध्ये जो निळा ठिपका दिसतो तो असाच निघतो, आणि मोकळ्या आभाळाखालीसुद्धा तो चार-पाच मीटर इकडंतिकडं असतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिकेनं सर्वसामान्यांसाठीचा इशारा मुद्दामच बिघडवून ठेवला होता, तेव्हा शंभर मीटरचाही भरवसा नसे. बांधाच्या कामाला हे सगळं निरुपयोगी.

मग दोन सेंटिमीटर कुठून येतात? प्रशिक्षणात आम्हाला हे फळ्यावर गणितं मांडून शिकवलं, आणि मला एक अक्षर कळलं नाही. चहाच्या सुट्टीत अचानक अप्पांच्या सळ्या आठवल्या आणि सगळं लख्ख झालं. उपग्रहाचा निरोप ज्या लहरीवर बसून येतो ती लहर एकोणीस सेंटिमीटर लांबीची असते. म्हणजे उपग्रहापासून माझ्या काठीपर्यंत एकोणीस सेंटिमीटरची एक साखळी पुन्हा पुन्हा टाकत आणलेली आहे. शेवटची अर्धवट राहिलेली साखळी यंत्र फार बारकाईनं वाचतं, अगदी मिलिमीटरच्या हिशेबात. आणे त्याला पाठ आहेत. त्याला ठाऊक नसतं ते एवढंच, की मध्ये पुऱ्या साखळ्या किती पडल्या. सळ्या किती, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तो आकडा काढायला दुसरं यंत्र लागतं. ते आधीच माहीत असलेल्या जागेवर घट्ट उभं असतं, त्याला बेस म्हणतात. दोघंही तेच उपग्रह ऐकतात. वाटेतल्या हवेनं, वरच्या विद्युतभारित थरानं आणि उपग्रहाच्या घड्याळानं जी चूक बेसच्या मोजमापात घातली, जवळजवळ तीच रोव्हरच्या मोजमापातही असते. म्हणून ती वजा करता येते. मग यंत्र वेगवेगळे आकडे लावून बघतं, इतक्या सळ्या धरल्या तर सगळ्या उपग्रहांचा हिशेब एका बिंदूत जुळतो का? जुळेपर्यंत पडद्यावर 'फ्लोट' दिसतं. जुळलं की 'फिक्स'. आमच्याकडे आता हे शब्द शेतकऱ्यांनाही पाठ झालेत. लांबून ओरडून विचारतात, "आलं का फिक्स?" आणि फ्लोटवर असताना कुणी घाईनं बिंदू घेतला, तर तो हरभऱ्यात सळई विसरलेला मीच.

सुरुवातीच्या यंत्राला अमेरिकेचे जीपीएस आणि रशियाचे ग्लोनास एवढेच उपग्रह कळायचे. आभाळ मोकळं असलं तरी कधी कधी पंधरा-वीस मिनिटं काठी धरून उभं राहावं लागे. आता युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू धरून एका वेळी तीस-तीस उपग्रह ऐकू येतात, तेही दोन-तीन वेगवेगळ्या लहरींवर. फिक्स काही सेकंदांत येतं. आपले नाविकचे उपग्रह मोजके, आणि माझ्या यंत्रात ते धरायची सोय नव्हती. एका शाळकरी पोरानं नेमकं तेच विचारलं, "यात आपला कुठलाय?" उत्तर देताना ओशाळल्यासारखं झालं.

आता माझी चूक सांगतो. ती माझीच होती, यंत्राची अजिबात नव्हती.

मोठा गट होता, नदीकाठचा, पोटहिश्श्याची मोजणी. काम दोन दिवसांचं. बेस शाळेच्या गच्चीवर लावला, खाली स्लॅबवर खिळा मारून खूण केली. बेसला स्वतःची जागा सांगावी लागते. जवळपास जाणलेला बिंदू नव्हता, म्हणून 'हिअर'चं बटण दाबलं. म्हणजे बेसनं त्या क्षणी जे अंदाजे समजेल ते आपलं स्थान धरून चालायचं. ते दीड-दोन मीटरनं चुकलेलं असतं, पण दिवसभर सगळे बिंदू तितकेच सरकतात, त्यामुळे आपसातली अंतरं बरोबर येतात. इथवर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खिळ्यावर बेस उभा केला. कालचं स्थान यंत्रात साठवलेलं होतं, ते बोलावून घ्यायचं. मी काय केलं, पुन्हा 'हिअर' दाबलं. बेस त्याच खिळ्यावर, मनातली त्याची जागा मात्र वेगळी.

दुपारपर्यंत पडद्यावर फिक्स, अचूकता एक सेंटिमीटर. खुंट्या रोवत चाललो होतो. एक खुंटी शेजारच्या म्हाताऱ्यांच्या ज्वारीत पडली, बांधाच्या दगडापासून चांगली दोन पावलं आत. आबा आले. धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. भांडायला आलेत असं वाटलं, पण ते बसले आणि दगडाभोवतीचं गवत हातानं बाजूला करत राहिले. मी त्यांना तेच सांगितलं जे मला शिकवलं होतं: यंत्र सेंटिमीटरला चुकत नाही. आबा म्हणाले, "यंत्र खरं आसंल, मी कुठं न्हाई म्हंतोय. पर ह्यो दगूड माझ्या आज्यानं पुरलाय. काल तुमीच त्याच्यावर काठी धरली आन् म्हनला बराबर हाय. मंग रातीत त्यो चालला कसा?"

त्यावर उत्तर नव्हतं. कालच्या मोजणीतला एक पक्का बिंदू होता, विहिरीवरच्या पंपघराचा कोपरा. तिथं जाऊन पुन्हा काठी धरली. कालचा आणि आजचा आकडा यांत एक मीटर अडुसष्ट सेंटिमीटरचा फरक. सकाळपासूनचं सगळं काम पुसलं. पोटहिस्सेदारांना, आबांना आणि चहा घेऊन आलेल्या पोराला सर्वांसमक्ष सांगितलं की चूक माझी झाली, उद्या पुन्हा यावं लागेल. तेवढ्यावर प्रकरण मिटलं. एखाद्या ठिकाणी मिटलंही नसतं.

तेव्हापासून रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी कालचा एक बिंदू पुन्हा मोजतो. नव्या पोरांना सांगतो, पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे बेसपासूनचा एक सेंटिमीटर. बेसच खोटं बोलत असेल तर यंत्र ते खोटं सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतं.

आता बेस वागवावा लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागानं देशभर कायमची केंद्रं उभारलीत, त्यांना कॉर्स म्हणतात. महाराष्ट्रात अशी ७७ आहेत. ती चोवीस तास उपग्रह ऐकत असतात, त्यांची जागा पक्की ठरवलेली असते. रोव्हरमध्ये सिमकार्ड घातलं की दुरुस्ती इंटरनेटवरून येते. एकटा माणूस काठी घेऊन निघतो आणि दिवसाला पूर्वीच्या दोन-तीन दिवसांचं काम उरकतो. माझ्या 'हिअर'सारख्या चुकीला जागाच राहिली नाही. अडचणींची जागा बदलली इतकंच. माळावर रेंज नसते. उसात काठी उसाच्या खाली बुडते. वडाखाली आणि पत्र्याच्या गोठ्याशेजारी इशारा आपटून येतो आणि यंत्राला भलतीकडेच ऐकू येतं. आणि २०२३-२४ला, सूर्य खवळलेला होता त्या हंगामात, एक वेगळंच दिसायला लागलं. दिवसभर सुरळीत चाललेलं फिक्स दिवेलागणीच्या सुमारास गळून पडायचं आणि दोन-तीन तास येतच नसे. आभाळ निरभ्र, झाड नाही, रेंज पूर्ण. वरच्या विद्युतभारित थरात सूर्य मावळल्यावर खळबळ माजते आणि विषुववृत्ताच्या आसपासच्या आपल्यासारख्या प्रदेशांना ती जास्त जाणवते, हे नंतर वाचलं. तोवर आम्ही रोव्हरची बॅटरी बदलून बदलून दमलो होतो. अप्पा असते तर म्हणाले असते, तिन्हीसांजेला मोजणी करू नये हे तुम्हाला आता कळलं होय.

आणखी एक गंमत. या यंत्रांचे अक्षांश-रेखांश सगळ्या पृथ्वीच्या हिशेबात असतात, आणि भारताचा भूखंड वर्षाला जवळपास पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणजे दगड जागेवर असला तरी त्याचा आकडा वीस वर्षांत मीटरभर बदलतो. म्हणून आकड्याबरोबर तो कुठल्या काळाचा हेही धरावं लागतं. हे मी एकदा पारावर सांगून बसलो. एक जण तंबाखू मळत म्हणाला, "म्हंजी समद्यांचं रान संगंच सरकतंय ना? मंग आमाला काय त्याचं." बरोबर आहे. शेजारी बरोबरच सरकतोय तोवर बांधाला काय फरक पडतो.

खरी अडचण मी अजून सांगितलेलीच नाही. दोन चुलतभाऊ, दोघांचा ऊस, मधे दोनशे मीटरचा बांध. हद्दकायम मोजणीचा अर्ज थोरल्याचा. धाकट्यानं बांध कोरला असं त्याचं म्हणणं. मी टिपण काढलं. टिपण म्हणजे मूळ मोजणी करणाऱ्यानं शेतात बसून हातानं काढलेली आकृती: मधून एक पाया, त्यावर दोन्ही बाजूंनी टाकलेले लंब, आणि प्रत्येकावर साखळी-आणे लिहिलेले. माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या टिपणांत माप आण्याच्या खाली क्वचितच जातं. ज्यानं सात साखळ्या पाच आणे लिहिलं, त्याला पाच आणे आणि थोडं, किंवा पाचाला थोडं कमी, असं काही दिसलंच असेल. त्यानं जवळचा आणा लिहिला आणि पुढच्या शेतात गेला. बैलगाडी थांबलेली, ऊन चढलेलं, त्यानं तसंच करायला हवं होतं.

गावनकाशा तर आठ इंचाला मैल या प्रमाणावर. त्यावर पेन्सिलनं ओढलेली पाव मिलिमीटरची रेघ शेतात जवळजवळ दोन मीटर रुंद होते. रेघेच्या कुठल्या कडेला उभं राहायचं?

रोव्हरनं बांध मोजला, दोन्ही टोकांचे जुने दगड मोजले, टिपणाचा हिशेब लावला. बांध टिपणाच्या रेघेपासून सरासरी चाळीस सेंटिमीटर थोरल्याच्या बाजूला निघाला. थोरल्याला हर्ष झाला. चाळीस सेंटिमीटर गुणिले दोनशे मीटर, ऐंशी चौरस मीटर, पाऊण गुंठ्याहून जास्त. त्यानं बोटांवर केलेला हिशेब माझ्या आधी झाला होता. "यंत्र दोन सेंटिमीटरला चुकत न्हाई, असं तुमीच सांगितलं," तो म्हणाला.

मी सांगितलं होतंच. पण यंत्रानं दोन सेंटिमीटरनं सांगितलं ते एवढंच, की आज बांध कुठे आहे. तो कुठे असायला हवा हे टिपणानं सांगितलं, आणि टिपण आण्यात बोलतं. त्रेसष्ट सेंटिमीटरच्या मापानं लिहिलेल्या रेघेतून चाळीस सेंटिमीटरचं अतिक्रमण सिद्ध करायचं म्हणजे मुठीनं मोजलेलं धान्य सोनाराच्या काट्यावर घालून शेजाऱ्याला चोर ठरवणं. हे मी त्याला समजावायला गेलो. त्याला पटलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. आम्हीच गावोगाव सेंटिमीटरचा डंका पिटला होता. नकाशात मी दोन्ही रेघा दाखवल्या, अभिलेखाची सलग, वहिवाटीची तुटक. दगड दोन्ही टोकांना जागेवर होते आणि बांध दगडाला धरून होता, हे स्पष्ट लिहिलं. माझं मत विचाराल तर धाकट्यानं काही कोरलेलं नव्हतं. थोरला निमताना मोजणीला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याच्या फेरमोजणीला गेला. तिथं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगायचा अधिकार माझा नाही.

ही सगळी टिपणं ज्या पद्धतीतून आली ती १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे तिचे कर्ते. त्यांना सारा ठरवायचा होता. किती रान, किती कस, किती आकार. त्या कामाला आणा पुष्कळ झाला. त्याच सुमारास दुसरीकडे हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालली होती, ती १८०२ साली मद्रासला लॅम्ब्टननं सुरू केलेली. तिला पृथ्वीचा आकार हवा होता, इंचाइंचाचा हिशेब होता, आणि अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट माणसं खांद्यावर वाहत होती. लॅम्ब्टन काम करता करता १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. या दोन मोजण्या एकमेकींच्या शेजारून गेल्या, पण शेताचं टिपण त्या मोठ्या त्रिकोणांना कधी नीट बांधलंच गेलं नाही. प्रत्येक गाव आपल्यापुरतं बरोबर. गावनकाशे शेजारी शेजारी ठेवले की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढतात. रोव्हर घेऊन आम्ही आज जे करतोय ते मला पावणेदोनशे वर्षं राहून गेलेलं हे बांधकाम वाटतं. लॅम्ब्टनच्या आभाळाला विंगेटचं शेत बांधायचं.

म्हणून मी या यंत्राच्या बाजूचाच आहे. ज्यांना वाटतं साखळीच बरी होती, त्यांनी जूनच्या चिखलात साखळी ओढून बघावी. नव्या मोजणीत प्रत्येक कोपऱ्याचे आकडे नोंदले जातात. उद्या पुरात दगड वाहून गेला, रस्त्याच्या कामात बांध गेला, तरी त्याच ठिकाणी दोन सेंटिमीटरच्या आत पुन्हा उभं राहता येईल. साखळीच्या काळात हे शक्य नव्हतं. एक दगड गेला की दुसऱ्या दगडापासून, तोही गेला की शेजारच्या गटातून, असं करत करत आम्ही अख्खं शिवार मोजायचो. ज्या दिवशी शेजारी-शेजारी कोपऱ्यावर एकत्र उभे राहून 'हाच' म्हणतील आणि तो कोपरा आकड्यांत नोंदला जाईल, त्या दिवसापासून पुढची भांडणं खरोखर कमी होतील. मागची यंत्र मिटवणार नाही. ती दोघांनी मिटवायची आणि मग यंत्रानं लिहून ठेवायची, हा क्रम उलटा करता येत नाही. इतक्या वर्षांत तो उलटा करून बघणारे पुष्कळ भेटले.

निवृत्त झाल्यावर आता भाच्याबरोबर खासगी कामं करतो. कालव्यांची, रस्त्यांची, प्लॉटच्या आखणीची. हद्दीच्या वादात आमच्या नकाशाला किंमत नाही, तिथं सरकारी मोजणी नकाशाची क प्रतच लागते, हे प्रत्येकाला आधीच सांगून टाकतो. भाच्याच्या गाडीत अप्पांच्या सळ्यांपैकी चार अजून आहेत. खुणा करायला उपयोगी पडतात.

वाचणाऱ्यांत कुणाची शेती असेल तर तीन गोष्टी करा. मोजणीची नोटीस आली की त्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही बोलावून आणा. काठी धरलेल्या माणसाला बिनदिक्कत विचारा, फिक्स आलंय का, आणि आज सकाळी जुना बिंदू तपासला का. चांगल्या मोजणीदाराला त्याचा राग येत नाही. आणि बांधाचा जुना दगड ट्रॅक्टरच्या आड येतो म्हणून उपटू नका. मोजणीची सुरुवात अजूनही तिथूनच होते.